पत्ता सांगून झाल्यावर

मुंबईचा रॅपर नावाआधी पिनकोड सांगायचा, त्याला फार वर्षं झालेली नाहीत. कुर्ल्याचा नेझी म्हणजे 70, अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिव्हाइन म्हणजे 59, धारावीचा एमसी अल्ताफ म्हणजे 17. सुरुवातीचे 4000 सगळ्यांचे सारखेच, म्हणून ते गाळायचे आणि शेवटचे दोन आकडे छातीवर मिरवायचे. नेझीवरच्या माहितीपटाचं नाव ‘बॉम्बे 70’, अल्ताफच्या 2019 च्या गाण्याचं नाव ‘कोड मुंबई 17’. या वस्त्यांविषयी शहर एरवी पोलीस ठाण्याच्या हद्दीच्या भाषेत बोलतं. तिथल्याच मुलाने तोच पत्ता ठेक्यात आणि वरच्या पट्टीत सांगणं ही मोठी गोष्ट होती. ती गोष्ट आता होऊन गेली. एक तप उलटलं. पत्ता कळला, पुढे काय? तिथे कोण राहतं, भाडं कोण भरतं, रात्री कोण कशासाठी जागं असतं, मेट्रोचे खांब उभे राहिल्यावर गल्लीचं काय झालं, हे ऐकायला मिळतं का? माझं म्हणणं असं की हे सिंगलमधून मिळत नाही, अल्बममधून मिळतं. आणि या कसोटीवर, जिथून सगळी सुरुवात झाली ती मुंबई आज दिल्लीच्या मागे आहे, एवढंच काय अहमदाबादच्याही मागे आहे. मराठी रॅपचं तर आणखी नवल. ज्या भाषेत रात्रभर चालणाऱ्या सादरीकरणाची बांधीव परंपरा आहे, त्या भाषेतला रॅपर तीन मिनिटांत आटोपतं घेतोय.

पत्ता सांगणं ही हिप-हॉपची जन्मखूण आहे हे खरंच. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये 11 ऑगस्ट 1973 च्या ज्या पार्टीपासून हिप-हॉपची कालगणना करतात, तिचा घरक्रमांकसुद्धा चाहत्यांना पाठ असतो: 1520, सेजविक अव्हेन्यू. एन.डब्ल्यू.ए.ने 1988 मध्ये कॉम्प्टन हे नाव अल्बमच्या शीर्षकातच घातलं आणि लॉस एंजेलिसजवळची ती वस्ती जगाच्या नकाशावर आली. आपल्याकडे मात्र रॅप आलं ते बिनपत्त्याचं. 1992 मध्ये बाबा सहगलच्या ‘ठंडा ठंडा पानी’ने हिंदीत रॅप करता येतं हे दाखवलं, पण ते गंमत म्हणून. पुढे पंजाबी आणि सिनेमातलं रॅप आलं, त्यात गाडी, बाटली आणि फार्महाऊस, गल्ली नव्हती. मुंबईची मुलं त्या काळात इंग्रजीत रॅप करत होती, डिव्हाइनची सुरुवातही इंग्रजीतलीच. तो हिंदीकडे वळला आणि 2013 मध्ये ‘ये मेरा बॉम्बे’ आलं. 2014 मध्ये नेझीने आयपॅडवर गाणं रेकॉर्ड करून, आयपॅडवरच व्हिडिओ काढून ‘आफत’ सोडलं. 2015 मध्ये दोघांचं ‘मेरे गली में’ आलं आणि पिनकोडांची रांग लागली. त्याच्या पुढच्या वर्षी जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. ही गाणी ज्या मुलांसाठी होती, त्यांच्या हातात ती पोचली ती त्यामुळे. गायकांच्या हिमतीइतकंच श्रेय मी त्या स्वस्त डेटालाही देईन.

मग फेब्रुवारी 2019 मध्ये ‘गली बॉय’ आला. त्याच्यावर तोंडसुख घेण्याची चाहत्यांमध्ये फॅशन आहे. मी त्या रांगेत नाही. चित्रपटाने डझनांनी खऱ्या रॅपरांना पडद्यावर आणि श्रेयनामावलीत जागा दिली, आणि घरच्यांना ‘पोरगा काय करतो’ याचं एक सांगता येण्याजोगं उत्तर दिलं. पण त्याने एक साचाही रूढ केला. चित्रपटाच्या गोष्टीत नायक एक गाणं करतो, एक व्हिडिओ येतो, एक स्पर्धा जिंकतो आणि सुटतो. उद्योगाने हेच सूत्र उचललं. नंतरच्या वर्षांत लेबलांनी, जाहिरातवाल्यांनी, वेब मालिकांनी मुंबईच्या रॅपरकडून सुटं गाणं मागितलं. गल्लीतून वर आलो, कोणी विचारत नव्हतं, आता सगळे विचारतात, एवढीच त्यातली कथा. ती पहिल्या दहा गाण्यांत खरी होती. शंभराव्या गाण्यात ती निवडणुकीच्या भाषणासारखी वाजते.

अल्बम नेमकं काय करतो, हे दाखवायला दोन जुनी अमेरिकी उदाहरणं पुरेशी आहेत. नॅसचा ‘इलमॅटिक’ 1994 चा, जेमतेम चाळीस मिनिटांचा. त्यात क्वीन्सब्रिजची सरकारी घरकुलं आहेत. पण ती मोठ्या आवाजात जाहीर केलेली नाहीत, खिडकीतून पाहिलेली आहेत. कोणी तुरुंगात आहे, त्याला पत्र लिहायचंय. कोणी जिन्यात उभं आहे. दुसरा केंड्रिक लमारचा 2012 चा ‘गुड किड, मॅड सिटी’. त्यातल्या गाण्यांच्या अधेमधे त्याच्या आईवडिलांचे फोनवरचे निरोप येतात. आईला तिची गाडी परत हवी आहे, ती खोळंबली आहे; वडिलांना स्वतःच्या डॉमिनोच्या सोंगट्या हव्या आहेत. बाहेर पोरगा खुनाच्या सूडापर्यंत जाऊन पोचतोय आणि घरी हे चाललंय. कॉम्प्टन किती धोक्याचं आहे, हे सांगणारी गाणी त्याआधी हजारो झाली होती. तिथल्या घरात संध्याकाळी काय बोलतात, हे त्या निरोपांनी ऐकवलं. एकेकट्या गाण्यात हे निरोप टाकले असते तर विनोद वाटला असता. बारा गाण्यांच्या ओळीत ते घर उभं करतात. नॅसचं नाव इथे आणायला आणखी एक कारण आहे. ‘गली बॉय’च्या निर्मात्यांत त्याचं नाव होतं, आणि त्याच्या मास अपील या लेबलची भारतीय शाखा 2019 मध्ये निघाली तेव्हा तिने पहिला करार केला तो डिव्हाइनशी. ‘इलमॅटिक’चा कर्ता आपल्या दारात आला, आपण त्याच्याकडून पाठीवरची थाप घेतली, रचनेचा धडा घेतला नाही.

दिल्लीने तो घेतला, आणि याचा पुरावा एका माणसाच्या कामात सापडतो. ‘मेरे गली में’चा बीट केला होता दिल्लीच्या सेझने, ‘सेझ ऑन द बीट’ने. मुंबईला तिचं गाजलेलं गाणं देणाऱ्या याच सेझने 2017 मध्ये रॅपर प्रभ दीपबरोबर ‘क्लास-सिख’ केला, 2018 मध्ये सीधे मौत या जोडीबरोबर ‘बयान’ आणि 2022 मध्ये त्याच जोडीबरोबर ‘नायाब’. म्हणजे तोच कारागीर मुंबईत एका गाण्यापुरता आला आणि दिल्लीत पूर्ण अल्बमभर राहिला. ‘क्लास-सिख’मध्ये पश्चिम दिल्लीचं टिळक नगर आहे, पंजाबीत. नशेत वाहून चाललेली पोरं, पोलिसांची दहशत, गुरुद्वारा आणि हाणामारी एकाच रस्त्यावर. पण ऐकणाऱ्याला आधी बीट भेटतात, थंड, रिकाम्या जागा सोडलेले. त्या रिकाम्या जागांत ती वस्ती शिरते. ‘बयान’मध्ये सीधे मौतच्या एन्कोर आणि काम (Calm) या दोघांनी दात-ओठ खाऊन गायलं, आणि ‘नायाब’मध्ये त्याच दोघांनी मुद्दाम वेग कमी केला. लोक नाराज झाले, नेहमीची आग कुठे गेली म्हणाले. मला तो धोका पत्करणं हीच त्यांची सगळ्यात मोठी कमाई वाटते; पुढे 2023 मध्ये तीस गाण्यांचा ‘लंच ब्रेक’ काढून आग विझलेली नाही हेही त्यांनी दाखवून दिलं. आणि 2025 च्या मिक्सटेपचं नाव ठेवलं ‘डीएल 91 एफएम’. एका शहराचं कल्पित रेडिओ केंद्रच जणू. आझादी रेकॉर्ड्ससारख्या लहान लेबलने सुरुवातीच्या काळात या कामाला वेळ दिला, हेही नोंदवायला हवं. मुंबईत पैसा जास्त होता, वेळ कमी.

अहमदाबादचं उदाहरण तर आपल्याला जास्तच झोंबायला हवं. तिथल्या रॅपरांवर कोणी ‘गली बॉय’ काढला नाही, तिथे लेबलांची गजबज नाही. तरी तिथल्या धनजीने 2023 मध्ये ‘रुआब’ काढला, आणि त्या वर्षातल्या भारतीय अल्बमांत तो उठून दिसला. हिंदीत मिसळलेली गुजराती, फंकचा बाज, मध्यमवर्गीय पोराची बढाई आणि तिच्या आतली भीती. अहमदाबादचं नाव तो फारसं ओरडत नाही. वाक्याच्या हेलावरून कळतं कुठला आहे ते.

आता महाराष्ट्राच्या पदरात काय आहे ते पाहू. डिव्हाइनचे ‘कोहिनूर’ (2019), ‘पुण्य पाप’ (2020) आणि ‘गुनहगार’ (2022) हे तीन अल्बम सलग ऐकले तर एक माणूस वर चढताना दिसतो, पण जे. बी. नगर दर अल्बमला थोडं दूर जातं. यातला ‘पुण्य पाप’ मला सर्वांत जवळचा, कारण तिथे तो चर्चमध्ये वाढलेल्या मुलासारखा स्वतःशी हिशेब मांडतो. यश मिळालं ते पचवायचं कसं, हा प्रश्न तिथे खोटा वाटत नाही. ‘गुनहगार’पर्यंत अमेरिकी पाहुणे आले, आवाज चकचकीत झाला, आणि गल्ली ही ब्रँडच्या नावात उरली. माणूस श्रीमंत झाला तर त्याने गरिबीचीच गाणी गावीत, असा हट्ट मी धरणार नाही. पण गल्लीतून निघून गेलेला माणूस गल्लीकडे कसा पाहतो, हाही एक अल्बम आहे, आणि तो लिहायची ताकद या माणसात निश्चित होती. नेझीचं दुखणं वेगळं. ‘आफत’ नंतर त्याचा पूर्ण अल्बम ‘मगरेब’ यायला 2022 उजाडलं, तोवर त्याच्या नावाच्या पाट्या दुसऱ्यांनी रंगवून घेतल्या होत्या.

महाराष्ट्राच्या या चित्राला ठळक अपवाद एकच, आणि तो मुंबईचा नाही. पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन, म्हणजे अल्ताफ शेख. 2020 चा ‘तडीपार’ त्याने जवळजवळ एकहाती उभा केला, बीटसुद्धा स्वतःचे. शीर्षकातच त्याने वस्तीचं आणि पोलीस खात्याचं नातं मांडलं. आपल्याच इलाक्यातून हाकलला गेलेला माणूस बोलतोय, ही अल्बमभरची भूमिका. आवाज ऑटोट्यूनमधून पिळून काढलेला, रडवेला आणि उर्मट एकाच वेळी. त्याची हिंदी ही पुणे स्टेशनच्या मागच्या वस्त्यांची हिंदी आहे, तिच्यात मराठी पायलीने पडलेली आहे. 2022 च्या ‘इन्सान’मधलं ‘नुस्ती फुकट’ हे शीर्षक कुठल्याही मराठी घरात समजावून सांगावं लागत नाही. स्त्रियांविषयीची त्याची भाषा अनेकदा असह्य आहे, आणि ‘बस्तीचं वास्तव’ एवढ्या सबबीवर ती सोडून देता येत नाही. पण ‘तडीपार’ ऐकल्यावर पुण्याचा एक भाग कानात राहतो. 2023 च्या फेब्रुवारीत ‘बिग बॉस’ जिंकल्यानंतर त्याचं नाव घराघरांत पोचलं; त्या घरांपैकी किती ठिकाणी हा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत वाजला असेल, याची मला शंका आहे.

यावर पहिला आक्षेप पैशांचा येतो, आणि तो हलका नाही. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या, दिवसा डिलिव्हरी करणाऱ्या पोराने वर्षभर अल्बम घडवत बसायचं कशाच्या जोरावर? सिंगल टाकला तर महिन्याभरात एखादा शो मिळतो. बीट विकत घ्यायचा, स्टुडिओचे तास, मिक्सिंग, मास्टरिंग, व्हिडिओ, हे सगळं बारा गाण्यांना गुणा. हे मान्य. पण मग ‘तडीपार’ कसा झाला? ‘आफत’ आयपॅडवर होऊ शकतं, तर अल्बमच्या आड फक्त यंत्रं येत नाहीत. आड येतो तो व्हिडिओचा हट्ट. अल्बममधल्या प्रत्येक गाण्याला ड्रोनचं चित्रीकरण लागत नाही. पण आपल्याकडे गाणं म्हणजे यूट्यूबवरचा व्हिडिओ हे समीकरण इतकं घट्ट झालंय की खर्चाचा मोठा वाटा ऐकू न येणाऱ्या गोष्टींवर जातो. लेबलांनाही हेच सोयीचं, कारण सिंगल पडला तर नुकसान एका गाण्याचं. शिवाय मधली वाट आहेच. मुंबईच्या यशराजने 2022 मध्ये ‘तकिया कलाम’ केला तो ड्रॉप्ड आउट या एकाच प्रोड्युसरला सोबत घेऊन. एक लेखणी आणि एक कान सलग काम करतात तेव्हा चार-सहा गाण्यांतही सूर सापडतो. खर्च वाढतो तो दर गाण्याला नवा प्रोड्युसर धरण्यात, आणि सूर हरवतो तोही तिथेच.

दुसरा आक्षेप अधिक तत्त्वाचा आहे. अल्बम ही रॉक समीक्षकांनी लादलेली कसोटी, हिप-हॉप हे मुळात पार्टीचं, घोळका करून रंगणाऱ्या सायफरचं, हातोहात फिरणाऱ्या एका गाण्याचं. 1979 मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ने जग पेटवलं तेव्हा कोणी अल्बम मागितला होता? आणि या आक्षेपाला सगळ्यात जोरकस पुष्टी मराठीतूनच मिळते. एप्रिल 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेने ‘पन्नास खोक्यां’वर एक छोटं रॅप केलं. राज्याच्या सत्तांतरावर अग्रलेखांनी जे वर्षभर घोळवलं ते त्याने उभ्या उभ्या म्हणून टाकलं, आणि अंबरनाथ पोलिसांत गुन्हा दाखल झाला. त्याच सुमारास उमेश खाडेवर मुंबईत गुन्हा नोंदवला गेला, त्याच्या गाण्यात जनतेच्या हालांची उघडीवाघडी यादी होती. ना लेबल, ना बीटची कलाकुसर, ना अल्बम. कित्येक वर्षं शिव्या घालत आलेल्या हिंदी रॅपने ज्यांची झोप उडाली नव्हती, त्यांची एका मराठी सिंगलने उडाली. मी हे नाकारत नाही. उलट या दोन गाण्यांनी मराठी रॅपची पत जेवढी वाढवली तेवढी कुठल्याही रिॲलिटी शोने वाढवलेली नाही. पण ही पत्रकं आहेत, आणि पत्रकाचं काम त्याच आठवड्यात करायचं असतं. चळवळीला पत्रक लागतं आणि नियतकालिकही लागतं. खोक्यांचं गाणं त्या एप्रिलमध्ये राज्यभर वाजलं. ते गाणाऱ्या मुलाचं गाव, शिक्षण, नोकरीचा शोध, पोलीस ठाण्यातला तो दिवस, हे सगळं ज्यात असेल ते काम व्हायला हवं, म्हणजे पुढच्या सत्तांतरानंतरही ते ऐकावंसं वाटेल. एकाने दुसऱ्याची जागा अडत नाही.

इथे ‘आमचा पोवाडा म्हणजेच रॅप’ हे ठरलेलं वाक्य कोणीतरी टाकतंच. मला ते आळसाचं वाटतं. डफावर ठेक्यात बोललं म्हणजे रॅप होत असेल तर जगातली निम्मी लोकगीतं रॅप ठरतील. साम्य आहे ते दुसरीकडे, आणि ते फारसं कोणी सांगत नाही. तमाशाचा रात्रीचा क्रम घ्या: गण, गवळण, बतावणी, मग वग. आधी वंदन, मग छेडछाड, मग चालू घडामोडींवर हजरजबाबी टवाळी, आणि लोक रंगात आल्यावर मोठी गोष्ट. सत्यशोधक जलशांनी हाच साचा घेऊन आत भटजी-सावकाराची झाडाझडती घातली; भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने त्याच साच्यात चवदार तळं आणि काळाराम मंदिर आणलं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांचं लालबावटा कलापथक कामगार वस्त्यांत गाणी सुटी सुटी फेकत नसे. कार्यक्रम बांधलेला असे. अण्णाभाऊंची ‘मुंबईची लावणी’ आणि डिव्हाइनचं ‘ये मेरा बॉम्बे’ शेजारी ठेवा. दोन्हींत एकाच शहराचे दोन थर आहेत, राग आहे, आपलेपणा आहे. फरक असा की अण्णाभाऊंच्या लावणीला पुढेमागे वगनाट्य होतं, कादंबरी होती, चळवळ होती. लावणी त्या मोठ्या कामाचा एक तुकडा होती. तेव्हा अल्बम ही परकी कसोटी आहे, असं निदान मराठी माणसाने तरी म्हणू नये. चाळीस मिनिटांत वस्ती उभी करायची रचना आपल्याकडे रेकॉर्ड कंपन्यांच्याही आधीपासून आहे. गण-गवळणीच्या क्रमात बांधलेला रॅप अल्बम कोणी करून पाहिला तर तो नुसता डफाचा सँपल लावलेल्या शंभर गाण्यांपेक्षा जास्त शाहिरी असेल.

भाषेच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत, आणि त्या ‘मराठीत फ्लो बसत नाही’ या तक्रारीपेक्षा बारीक आहेत. उलट बसतो, फार सहज बसतो. चार ठोक्यांचा बार म्हणजे सोळा उपठोके, आणि सोळा मात्रांचा पादाकुलक मराठी मुलाच्या कानात शाळेपासून असतो. त्यामुळे नवखा मराठी रॅपर ओळ रचतो ती आपोआप ठोक्यावर नीट पडते, आणि गाणं बडबडगीत होतं. भर म्हणून क्रियापद वाक्याच्या शेवटी. करतो-मरतो-धरतो, आला-गेला-मेला, यमक फुकट मिळतं आणि फुकटच वाटतं. हिंदीत हीच खोड आहे, पण ‘है’ गिळून टाकता येतो. मराठीत वाट काढायची ती वाक्य मोडून, नाम शेवटी आणून, यमक ओळीच्या पोटात सरकवून आणि श्वास ठोक्याच्या अर्धं पाऊल मागे ठेवून. दीर्घ स्वरांशीही झगडा असतो. बीटसाठी ‘पाणी’चं ‘पाणि’ केलं की मराठी कान लगेच अडखळतो. हे ज्यांना जमलंय ते बहुतेक प्रमाण मराठीबाहेरचे आहेत, हा योगायोग नव्हे. अमरावतीचा 100आरबीएच बोलीच्या हेलावर ओळ तोलतो, ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ हे आखूड शब्द बीटमध्ये खिळ्यासारखे बसतात. त्याच अमरावतीचा विपिन तातड आंबेडकरी आशय थेट आणि खणखणीत मांडतो. विदर्भातल्या त्या शहरात भीमगीतांच्या आणि कव्वालीच्या मुकाबल्यांवर कान तयार झालेले आहेत. मला तरी मराठी रॅपचं पुढचं गाव मुंबई-पुण्यापेक्षा तेच दिसतं.

मुंबईत मराठीची बाजू लावून धरली ती स्वदेशीने. मराठी, हिंदी, गुजराती असं एकाच मंचावर बोलणारा हा चमू. गुजरातीतला त्यांचा एमसी तोडफोड 2022 मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला, ती पोकळी अजून जाणवते. 2019 च्या ‘वारली रिव्होल्ट’मध्ये त्यांनी आरेच्या केलटीपाड्यातले प्रकाश भोईर यांना गायला बसवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरेत मेट्रो कारशेडसाठी रातोरात दोन हजारांहून जास्त झाडं पडली. पाड्यावरच्या माणसाविषयी गाणं आणि त्या माणसाचंच गाणं, यात काय अंतर असतं ते या एका कामात स्पष्ट ऐकू येतं. बाजार नाही म्हणून मराठीत करत नाही, असं सांगणाऱ्यांना तर आता उत्तर देण्याचीही गरज उरलेली नाही. क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या ‘तांबडी चामडी’वर 2024 मध्ये मराठी न कळणारेही नाचले, आणि ते गाणं आलं डच लेबलवरून. ते रॅप कमी आणि हाऊस जास्त आहे. पण भाषा अडसर नाही, एवढं त्याने सिद्ध केलं.

अल्बमची कसोटी आणखी एक गोष्ट उघडी पाडते. एका गाण्यात बाई नसली तर कोणाला खटकत नाही. चौदा गाण्यांत आई वंदनीय, प्रेयसी दगाबाज आणि बाकी सगळ्या शिवीपुरत्या असतील, तर त्या वस्तीचा निम्मा भाग गायब आहे हे लपत नाही. कल्याणच्या डी एमसीने 2019 मध्ये स्वतःचा अल्बम काढला. लोकलच्या लांबच्या प्रवासाचं शहर तिला मुंबईच्या मध्यात राहणाऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक. गोवंडीची सानिया एमक्यू, महादेव कोळी समाजातून आलेली आणि ‘जंगलचा राजा’ करणारी माही जी, या मुलींची गाणी महिला दिनाच्या बातम्यांत येतात आणि मार्चच्या मध्यापर्यंत विसरली जातात. त्यांच्यावर होणारी टीकाही ‘फ्लो कच्चा आहे’ अशी तांत्रिक भाषा वापरते. कच्चा असतो कधीकधी, पण त्याच कच्चेपणाला मुलांच्या बाबतीत ‘रॉ’ म्हणून दाद मिळते.

केंड्रिकने नोव्हेंबर 2024 मध्ये कुठलीही पूर्वसूचना न देता ‘जीएनएक्स’ काढला. ड्रेकशी झालेल्या भांडणानंतरचा तो त्याच्या कारकिर्दीचा कळस होता. त्या वेळी त्याने जगातल्या कोणालाही बोलावलं असतं तरी तो आला असता. त्याने हिट्टा जे3, यंगथ्रेट, पेसो, डोडी6 असे लॉस एंजेलिसबाहेर फारसे कोणी न ऐकलेले रॅपर घेतले आणि पहिलाच आवाज दिला तो डेरा बरेरा या मारियाची गायिकेचा, म्हणजे शहरातल्या मेक्सिकन वस्त्यांचा. शीर्षकगीतात तर तो स्वतः जवळजवळ बाजूला सरकून पोरांना गाऊ देतो. कॉम्प्टनचं नाव घ्यायची त्याला आता गरज नाही, कॉम्प्टनची माणसं माइकवर आहेत. आपल्याकडे पहिल्या फळीतल्या नावांच्या अल्बमांवर पाहुणे शोधले जातात ते न्यूयॉर्क, लंडन आणि पंजाबातून. डिव्हाइनने 2024 मध्ये करण औजलाबरोबर आख्खा ‘स्ट्रीट ड्रीम्स’ केला. व्यापाराच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. पण स्टुडिओ, वितरण आणि श्रोते ज्यांच्या हाताशी आहेत अशी माणसं महाराष्ट्रात पाच-सातच आहेत, आणि अल्बम करायला लागणारा वेळ दुसऱ्याला देण्याची ऐपत फक्त त्यांची आहे. 100आरबीएचला वर्षभर एकच प्रोड्युसर आणि एक खोली मिळाली तर तो काय करेल, माही जीला बारा गाण्यांची मोकळीक दिली तर आदिवासी पाड्यावरून मुंबई कशी दिसते, हे ऐकण्यासाठी मी ‘गल्लीतून वर आलो’ छापाची पुढची दोनशे गाणी आनंदाने सोडून देईन.